एकाच पनेटमध्ये डागही, बुरशीही

मार्च २०२४. जहाजं लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येत होती. न्हावाशेवाहून निघालेला थॉमसन द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅमजवळच्या आमच्या कोल्ड स्टोअरला लागला, तेव्हा पॅकिंगला पाच आठवडे उलटून गेले होते. सील शाबूत, रीफरचा, म्हणजे त्या शीत-कंटेनरचा, तापमानाचा आकडा उणे ०.५. दारातल्या पॅलेटच्या (फळीवर रचलेल्या खोक्यांच्या थप्पीच्या) बाहेरच्या खोक्यांत देठ हिरवे, मणी टणक, साखर १७ ब्रिक्स (साधारण १७ टक्के). बिनबियांच्या द्राक्षांना युरोपचा नियम किमान १४ मागतो, म्हणजे तिथेही अडचण नव्हती. तेवढंच बघून सही केली असती, तर माल पास झाला असता.

पण प्रवास लांबला की पॅलेट फोडून मधलं खोकं काढायचंच. पाचव्या पॅलेटच्या पोटातलं खोकं उघडलं, तर लायनर, म्हणजे आतली प्लास्टिकची पिशवी, आतून ओला आणि ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड गॅस सोडणारा, कागद लिबलिबीत. मण्यांना देठाकडच्या टोकाला पांढुरके, दबलेले डाग. त्याच पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) घडाच्या खांद्यात राखाडी बुरशीचं जाळं, त्यात तीन-चार मणी एकमेकांना चिकटलेले. अंगठ्याने जरा दाबलं की साल सुटून हातात येत होती.

डाग म्हणजे सल्फर डायऑक्साइड जास्त झाला, बुरशी म्हणजे कमी पडला. मग दोन्ही एकाच पाव-अर्ध्या किलोत कसं?

खोक्यातल्या लॉगरने, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राने, ते उलगडलं. पहिली नोंद ५.८ अंश, आणि शून्याजवळ यायला चार दिवस. माल प्री-कूलिंग (चढवण्याआधी गार करणं) पुरतं न होता चढवला होता. प्री-कूलिंगच्या खोलीत पंख्याने हवा खोक्यांतून खेचून काढतात, तरीही सहा-आठ तास लागतात. रीफरमध्ये हवा तळातून वर जाते, लायनरमधल्या मण्यांपर्यंत धड पोचत नाही. रीफर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करणं त्याचं काम नाही.

कोमट द्राक्षातून ओल निघाली आणि थंड लायनरवर पाणी धरलं. ग्रेप गार्डमधलं मेटाबायसल्फाइट ओलाव्यानेच गॅस सोडतं. जो गॅस पाच आठवडे थोडाथोडा सुटायचा, तो पहिल्याच आठवड्यात भसकन सुटला. देठाजवळ सालीचं संरक्षण कच्चं असतं, म्हणून डाग तिथेच. पुढे गॅस उरला नाही, बोट्रायटिसला, म्हणजे त्या राखाडी बुरशीला, रान मोकळं. ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, फक्त सावकाश. जुन्या वाटेने, तीन-साडेतीन आठवड्यांत माल आला असता तर कदाचित डागांवरच भागलं असतं.

निर्यातदाराचा फोन आला. ‘‘साहेब, कंटेनर तर पूर्ण वाटभर उणे ०.५ला होता, जहाज कंपनीवर क्लेम टाका.’’ तो आकडा आत सोडलेल्या हवेचा असतो. शिपिंग लाइनकडून रीफरची नोंद मागवली, तर सुरुवातीला मालावरून परत येणारी हवा तीन अंशांच्या वर होती. म्हणजे गरमी मालातच होती आणि यंत्र ती बाहेर काढत होतं. असा क्लेम टिकत नाही. तरी स्वतंत्र सर्व्हेअर त्याच दिवशी बोलावला, पॅलेट नंबर दिसतील असे फोटो काढले. दोन दिवसांनी बोलावलेल्या सर्व्हेअरच्या कागदाला इथे कोणी विचारत नाही.

गॅसचा अंश प्रयोगशाळेत तपासून घेतला, कारण युरोपात द्राक्षावर किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तो मर्यादेच्या आत निघाला. मग सगळ्या २० पॅलेटची वर्गवारी केली. सुपरमार्केटला ११ गेले. ६ हाताने निवडून नव्या पनेटमध्ये भरले आणि खुल्या बाजारात विकले, मजुरी जाऊन फारसं उरलं नाही. ३ फेकले. फेकलेले तिन्ही पॅलेट कंटेनरच्या मधल्या भागातले होते.

पॅकहाउसला एवढंच कळवलं: पुढच्या लोडिंगला प्रत्येक पॅलेटच्या मधल्या खोक्यातल्या मण्यात प्रोब (तापमापकाची सुई) खुपसून आकडा लिहा. एक अंशाच्या वर असेल तर पॅलेट परत प्री-कूलिंगला, कंटेनर दारात उभा असला तरी.