‘तिथली मुलं कशी आहेत?’

शनिवारी मराठी शाळा सुटण्याची वाट पाहत बसलेल्या पालकांपैकी कोणीतरी दरवर्षी मला एकच प्रश्न विचारते. भारतातून अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात नव्याने आलेली ही मंडळी घर शोधत असतात आणि घरविक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक पत्त्यासोबत त्या भागातल्या शाळेचे गुण दिलेले असतात. इथल्या माँटगोमेरी काउंटीतील (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) मॅग्नेट मिडल स्कूलचे, म्हणजे खास अभ्यासक्रमासाठी दूरवरून मुले निवडून घेणाऱ्या शाळेचे, नाव त्यांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात तिचे गुण मधलेच निघतात आणि खाली मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांचा मोठा टक्का दिसतो. मग मोबाइल माझ्यापुढे येतो. “मॅग्नेट म्हणजे हुशार मुलांची शाळा ना? मग निकाल असा कसा? आणि तिथली बाकीची मुलं कशी आहेत?” तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमच्या काउंटीत टाकोमा पार्क मिडल स्कूलमध्ये गणित, विज्ञान व संगणकाचा, तर ईस्टर्न मिडल स्कूलमध्ये भाषा, मानव्यविद्या व माध्यमांचा मॅग्नेट अभ्यासक्रम चालतो. पण या शाळा संपूर्णपणे मॅग्नेट नाहीत. एकाच इमारतीत सहावी ते आठवीची दोन प्रकारची मुले शिकतात: दूरदूरच्या भागांतून निवडून आलेली आणि आसपास राहतात म्हणून तिथे येणारी. जाहीर होणारी सरासरी मात्र दोघांची मिळून असते. समजा, हजार मुलांच्या शाळेत 300 मॅग्नेटची आहेत व त्यांतील 95 टक्के गणितात अपेक्षित पातळी गाठतात, आणि उरलेल्या 700 पैकी 40 टक्के गाठतात. 285 आणि 280 मिळून 565, म्हणजे शाळेचा निकाल साडेछप्पन्न टक्के. हा आकडा तिथल्या कोणत्याच वर्गाचे वर्णन करत नाही. मॅग्नेटच्या पालकांना तो उगाच घाबरवतो आणि परिसरातल्या 700 मुलांची खरी अडचण झाकून टाकतो. मला यातली दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते.

अशी रचना योगायोगाने झालेली नाही. वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, तरी वस्त्याच वेगळ्या असल्याने शाळाही वेगळ्याच राहिल्या. मुलांना सक्तीने बसने दुसऱ्या भागात पाठवण्याला पर्याय म्हणून, सक्तीऐवजी ओढ निर्माण करण्याचा विचार पुढे आला. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरात 1968 साली मॅककार्व्हर प्राथमिक शाळेत झालेला प्रयोग या प्रकारातला पहिला मानला जातो. चांगला अभ्यासक्रम मुद्दाम अशा शाळेत ठेवायचा, जिथे एरवी सुस्थितीतले पालक मुलांना पाठवणार नाहीत. ज्या आकड्यांकडे बोट दाखवून आपण “इथे मॅग्नेट कसं काय?” असे विचारतो, त्याच आकड्यांमुळे मॅग्नेट तिथे आले आहे.

मोफत जेवणाच्या टक्क्याबद्दलही सांगायला हवे. कुटुंबाचे उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत मिळते. 2010 च्या कायद्याने तर गरीब वस्तीतल्या शाळेला अर्ज न मागवता सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा दिली, त्यामुळे हा आकडा आता गरिबीचेही नेमके माप राहिलेला नाही. मुलांच्या वागणुकीचे वा बुद्धीचे माप तर तो कधीच नव्हता. आपल्याकडे कोणाच्या घरी रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे, यावरून त्या घरातल्या मुलाची पारख केलेली आपल्याला चालेल का?

माझी मुलगी अशाच एका शाळेत तीन वर्षे शिकली. पहाटेच्या अंधारात ती पिवळ्या बसमध्ये चढे आणि चाळीस मिनिटांनी शाळेत पोहोचे. वाद्यवृंदात तिच्या शेजारी व्हायोलिन वाजवणारी मुलगी शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहत होती. दोघी एकाच स्टँडवरचे नोटेशन वाचत, पण गणिताच्या तासाला दोन वेगळ्या दारांतून आत जात. एकदा गाडीची वाट पाहताना त्या मुलीची आई मला म्हणाली, “परीक्षा होती, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.” तेव्हा मॅग्नेटसाठी पालकांनी स्वतः अर्ज करायचा असे आणि ज्यांना माहीत असे त्यांचीच मुले परीक्षेला बसत. ते वाक्य मी विसरलेले नाही, कारण मला त्या परीक्षेची माहिती याच मराठी शाळेच्या बाकावर मिळाली होती.

पुढे काउंटीने अर्जाची वाट न पाहता पाचवीच्या सर्वच मुलांची चाचपणी सुरू केली, मुलाची तुलना त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या शाळांमधल्या मुलांशी करायला घेतली आणि महामारीच्या काळापासून पात्र मुलांमधून सोडत काढली. काही आशियाई पालकांच्या संघटनेने 2020 साली या बदलांविरुद्ध दावा केला. 2022 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. सोडतीत चिठ्ठी न निघालेल्या मुलांची निराशा मी जवळून पाहिली आहे आणि ती खरी आहे. तरीही सर्व मुलांकडे पाहण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो; कमी पडतात त्या जागा, आणि त्या वाढवून मागण्यासाठी आपण शिक्षण मंडळाच्या बैठकीला गेले पाहिजे.

घर घेण्याआधी एकच गुण पाहू नका. राज्याच्या अहवालात गटागटांचे निकाल वेगळे मिळतात, ते उघडा. मुले शाळेत आल्यावर किती पुढे सरकली, तेही पाहा: स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी दाखवले होते की कमी सरासरी असलेल्या शिकागोतील मुले तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत सहा वर्षांची प्रगती करत होती. नंतर एखाद्या साध्या दिवशी शाळेत जा आणि कार्यालयात विचारा की मॅग्नेटमध्ये नसलेल्या मुलांपैकी किती जण आठवीपर्यंत बीजगणित शिकतात. उत्तर देताना मुख्याध्यापकांना आकडा पाठ असेल, तर मला जरूर कळवा. मी त्या शाळेचे नाव पुढच्या कुटुंबाला सांगेन.