देवगिरीच्या वाटेने रौज्यापर्यंत

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे माणसांची रीघ लागते. शनिवारी भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं म्हणून पोरंसोरं, सासवा-सुना, गुडघ्यांना पट्टे बांधलेली म्हातारी माणसं सुमारे पंचवीस किलोमीटर चालत जातात. मी पंढरीच्या वाटेचा वारकरी. ही वाट मला एसटीच्या खिडकीतून पाठ होती, पायांना मात्र तिची ओळख नव्हती. या श्रावणात ठरवलं की चालायचं, पण रात्रीच्या गर्दीच्या आधी निघायचं. मारुतीरायाला तर भेटायचंच होतं, पण त्याच्या आधी वाटेवरचे पीर आणि दर्गे उजेडात बघायचे होते. सोबत माझे मेहुणे होते. त्यांचं सगळं आयुष्य पैठणच्या नाथवाड्याच्या सावलीत गेलेलं.

ओढ होती ती नाथांमुळेच. एकनाथ महाराज लहान वयात पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, हे कीर्तनात शंभरदा ऐकलेलं. जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि दत्तभक्त. पण त्यांच्याही मागे एक नाव येतं, ते कीर्तनात क्वचितच निघतं. चांद बोधले. कादरी परंपरेचे सूफी म्हणून त्यांना मान आहे आणि आपल्याकडच्या परंपरेत ते जनार्दनस्वामींचे गुरू मानले जातात. श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांनाच सद्गुरू म्हणतात. म्हणजे ज्ञानोबा-तुकारामांच्या गजरात आपण ज्या नाथांचं नाव घेतो, त्यांच्या गुरुघराची एक पायरी दर्ग्याच्या दारात आहे. तिथे डोकं टेकल्याशिवाय माझी वारी मला अपुरीच वाटत होती.

सुरुवात पाणचक्कीपासून केली. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे नक्शबंदी पंथाचे सूफी बुखाऱ्याच्या बाजूने इथे आले. पर्यटक हौदातले मासे बघतात, वडाखाली फोटो काढतात आणि निघतात. मला तिथे मोलाची वाटते ती चक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी आणायचं, उंच भिंतीवर चढवून खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवायचं. कशासाठी, तर खानकाहात, म्हणजे सूफींच्या मठात, येणाऱ्या फकिरांना आणि वाटसरूंना भाकरी मिळावी म्हणून. पंढरीच्या वाटेवर गावोगाव पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात, तिथे जेवलेल्या माणसाला ही चक्की वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे छावणी, पडेगाव, मिटमिटा. या टप्प्यात ट्रक आणि पावसाची भुरभुर, इतकंच. शरणापूर फाटा मागे पडला आणि ढगांतून देवगिरीचा डोंगर वर आला. गाडीतून तो दिसतो आणि लगेच मागे जातो. चालताना मात्र तास-दीड तास तो समोरच असतो. खालचा कडा तासून गुळगुळीत केलेला, त्याच्याभोवती खडकात खोदलेला खंदक, आणि शेजारी चाँदमिनारचा उंच दांडा.

किल्ल्यात शिरण्याआधी पायथ्याच्या गावात चांद बोधल्यांच्या समाधीपाशी गेलो. जागा साधी, फुलं-चादरीची. पाटी शोधत जावं लागतं. मेहुण्यांनी पिशवीतून नाथांच्या पादुकांवरची तुळस काढली आणि कबरीच्या कडेला ठेवली. तिथे बसलेल्या एका वृद्ध माणसाने आमच्या गळ्यातल्या माळा पाहिल्या आणि म्हणाला, "पैठणसे आये ना? बैठो माऊली." आम्ही टेकलो. मेहुण्यांनी हलक्या आवाजात नाथांचा एक अभंग म्हटला. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकला आणि शेवटी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघं कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. तो संवाद लिहिणाऱ्या माणसाने आपल्या गुरूच्या घरी काय पाहिलं असेल, हे त्या ओट्यावर बसल्यावर मला पटलं.

किल्ल्यात हत्ती हौद ओलांडला की जुनी जामा मशीद लागते. कुतबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली, 1318 ची. तिचे खांब त्याआधीच्या देवळांचे आहेत, हे उघड दिसतं. 1948 नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली, आज ते भारतमाता मंदिर आहे. या अंगणात उभं राहिलं की इतिहासाचा सगळा हिशेब एकदम पुढ्यात येतो, त्यातलं दुःखसुद्धा. ते दुःख झाकून ठेवून फक्त गोडव्याचं बोलणं मला जमत नाही. देवळं पडली, ती पाडणारे सुलतानही गेले. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये झाली तेव्हा या डोंगरावर रामदेवराव यादवांचं राज्य होतं, आणि ज्या 1296 साली माऊलींनी समाधी घेतली त्याच साली अलाउद्दीन खिलजी इथे चालून आला. आळंदीची समाधी आणि देवगिरीचा पराभव एकाच वर्षातला आहे, हे चालताना किती वेळा मनात आलं असेल!

1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाचं दौलताबाद केलं. राजधानी फार टिकली नाही. पण त्या लोंढ्यात दिल्लीहून थोर सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या परिवारातले सूफी, कवी, कारागीर इथे आले आणि त्यांच्यातले पुष्कळजण इथल्याच मातीत राहिले.

चिनी महालापाशी थोडं थांबलो. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशाह, 1687 नंतर इथे औरंगजेबाच्या कैदेत होता. वरच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, हात भिंतीला लावतच चढावं लागतं. बारादरीच्याही वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला परंपरा पाच प्रसंग जोडते: स्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, नाथांची आणि त्यांची पहिली भेट, स्वामींची समाधी आणि नाथांची जलसमाधी. त्या गुहेपाशी आम्ही हरिपाठ म्हटला. वारा इतका की एकमेकांचे शब्द ऐकू येत नव्हते.

किल्ल्यातून उतरून पुन्हा रस्त्याला लागलो. जुन्या तटाच्या दिल्ली दरवाजातून गाड्या एकेक करून सरकतात, चालणाऱ्याला अंग चोरून जावं लागतं. मग घाट. श्रावणातला हा घाट जो चालला नाही, त्याने मराठवाडा कोरडाच आहे असं म्हणू नये. वर कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या वेळी आलेल्या कागद करणाऱ्यांचं हे गाव, असं सांगतात. हातकागदाचं काम इथे आजही होतं. चहाला थांबलो तेव्हा पाय भरून आले होते. चहा देणाऱ्या पोराने विचारलं, "मारुतीला का?" मी म्हटलं, "मारुतीला आणि बुऱ्हाणुद्दीन बाबांना." त्याने पैसे घेतले नाहीत. रात्री चालणाऱ्यांसाठी वाटेवर फराळ-पाण्याची सोय होते, त्यातलंच हे धरा, म्हणाला.

खुलताबादला जुनी माणसं अजून रौजाच म्हणतात. नगारखान्यातून आत गेल्यावर रस्त्याच्या एका बाजूला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आणि समोर त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांचा. गुरू आणि शिष्य एकमेकांच्या दारासमोर निजलेले. बुऱ्हाणुद्दीन 1337 मध्ये गेले. खानदेशच्या फारुकी राजांनी तापीच्या एका काठाला त्यांच्या नावाने बुऱ्हाणपूर आणि पलीकडे झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद वसवलं. पण मला बुऱ्हाणुद्दीन यांच्याबद्दलची वेगळीच गोष्ट जवळची वाटते. त्यांना समा, म्हणजे सूफींची भक्तिगीतांची मैफल, फार प्रिय. गाणं ऐकता ऐकता ते उठून नाचत आणि त्यांची नाचण्याची रीत इतकी निराळी होती की त्यांच्या माणसांना 'बुऱ्हानी' म्हणून ओळखत. कर्मठ लोक नावं ठेवत, तरी ते थांबले नाहीत. 'नाचू कीर्तनाचे रंगी' म्हणणाऱ्यांना हा माणूस परका कसा वाटेल? दर्ग्याच्या अंगणात हैदराबादच्या निजामांच्या आसफजाही घराण्याचा मूळपुरुष निजामुल्मुल्क याचीही कबर आहे. ज्याने दख्खनचं राज्य उभं केलं त्याने शेवटची जागा मागितली ती फकिराच्या पायाशी.

डोक्याला उपरणं गुंडाळून आत गेलो. खादिमांनी, दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनी, मोरपिसाच्या कुंच्याने पाठीवर थोपटलं, गुलाबाची पाकळी हातावर ठेवली. मेहुण्यांनी विचारलं, "दक्षिणा किती?" ते म्हणाले, "जो दिलसे हो. चलके आये हो, वही बहुत है."

समोरच्या दर्ग्यात औरंगजेब आहे. 1707 मध्ये अहमदनगरला तो मेला आणि त्याच्याच इच्छेने झैनुद्दीन यांच्या शेजारी त्याला पुरलं. वर छत नाही. मातीची उघडी कबर, वर सब्जाची रोपं. सभोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. माझ्या मनात संभाजी महाराज होते आणि तिथे उभा असताना ते मनातून गेले नाहीत, जाऊही नयेत. मी हात जोडले ते झैनुद्दीन यांना. बाहेर पोलीस बसलेले होते. मला इतकंच म्हणायचं आहे की खुलताबादचं नाव निघालं की सगळ्यांना ही एकच कबर आठवते आणि बाकीचं अख्खं गाव तिच्यामागे झाकलं जातं, हा या गावावर अन्याय आहे.

झाकलेलं काय आहे ते दुसऱ्या दिवशी उजाडताच पाहिलं. आधी भद्रा मारुती. निद्रिस्त मारुतीच्या त्या रांगेत रात्रभर चाललेली माणसं भिजलेल्या कपड्यांत उभी होती, अनवाणी, हसरी. तिथून जर जरी जर बक्ष यांचा दर्गा. मुंतजबुद्दीन हे त्यांचं नाव, बुऱ्हाणुद्दीन यांचे भाऊ. निजामुद्दीन औलियांनी दख्खनला पाठवलेले पहिले ते, आणि परंपरेप्रमाणे 1309 मध्ये इथेच गेले. माऊलींच्या समाधीनंतर तेराच वर्षं झाली होती. त्यांच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं लोटतात, पुष्कळजण तेव्हाही पायीच येतात.

तिथून जवळच मलिक अंबरची घुमटाकार कबर. हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, आणि त्या गावाला नहरीने पाणी पाजलं. मालोजी आणि शहाजी राजे ज्या काळात वाढले तो काळ याचा. 1626 मध्ये तो गेला. कबरीच्या आवारात आमच्याखेरीज कोणी नव्हतं. इतक्या मोठ्या माणसाकडे शनिवारच्या हजारोंच्या गर्दीतला एकही पाय वळू नये, याचं मला वाईट वाटलं. गावाबाहेर अमीर हसन सिज्जी आहेत. निजामुद्दीन औलिया बोलत, हे घरी जाऊन लिहून ठेवत. त्यातून 'फवाइद-उल-फुआद' हा फारसी ग्रंथ झाला. सच्चिदानंदबाबांनी माऊलींची वाणी कागदावर घेतली नसती तर आपण काय वाचलं असतं? हसन यांच्या उशाशी उभं राहून मला तेच आठवलं. मेहुणे म्हणाले, "लिहिणाऱ्याला नमस्कार करायचा राहिला तर बोलणाऱ्याला पोचत नाही."

शेवटचा टप्पा शूलिभंजनचा. खुलताबादहून थोड्या अंतरावरचा हा डोंगर नाथांच्या तपाची जागा. वर दत्ताचं देऊळ आहे, आणि दगडाने ठोकला की घंटेसारखा वाजणारा एक खडक. नाथांना दत्तदर्शन झालं त्याची कथा संतचरित्रकार महिपतींनी सांगितली आहे: दत्तात्रेय मलंग फकिराच्या वेशात आले, सोबत कुत्री होती आणि ती कामधेनू होती. लहानपणी ही कथा ऐकताना मला वाटायचं, देवाने परीक्षा घेण्यासाठी सोंग घेतलं. खालचे सगळे दर्गे पायांनी पाहून आल्यावर तसं वाटेना. ज्या डोंगराच्या पायथ्याशी शतकानुशतकं फकीर येत-जात होते, तिथे देव फकिराच्या वेशात येणार हे नाथांच्या गुरूंना ठाऊकच असणार. त्यांनी शिष्याला ओळखायला शिकवलं, एवढंच.

आता षष्ठीच्या आधी पैठणहूनच निघायचं ठरलं आहे. नाथवाडा ते चांद बोधल्यांची समाधी, नाथ ज्या दिशेने गेले त्या दिशेने. भद्रा मारुतीला चालणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शनिवारी परतीची गाडी एक तास उशिराची धरा आणि बुऱ्हाणुद्दीन बाबांच्या अंगणात, मलिक अंबरच्या घुमटाखाली जाऊन या. पादत्राणं बाहेर काढा, डोकं झाका, फुलं न्या. दौलताबादला चांद बोधल्यांची जागा सापडली नाही तर गावात कुणालाही विचारा, दाखवतात.