तुम्ही विचारलंत म्हणून : छपरावरची चार पोरं

घरी नवीन माणूस आला की चप्पल काढता काढता त्याची नजर दारासमोरच्या फ्रेमवर जाते. फ्रेममध्ये उतरत्या छपरावर बसलेली चार पोरं आहेत, केस विस्कटलेले, अंगात मळके कपडे. मागे गॅसवाल्यानं विचारलं, "साहेब, यातले तुम्ही कोणते?"

मी कोणताच नाही. हे द रिप्लेसमेंट्स. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा बँड. फ्रेममध्ये आहे ते त्यांच्या 'लेट इट बी' या 1984 च्या रेकॉर्डचं कव्हर. होय, बीटल्सच्या रेकॉर्डचंच नाव, आणि तेही उघड उघड ढापलेलं. त्यांचा मॅनेजर बीटल्सभक्त होता, त्याला डिवचायला.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एवढं चांगलं वाजवायचे, तर मग नाव का नाही झालं? कित्येक वर्षं मी त्याचं उत्तर एका किश्शानं देत आलो. 18 जानेवारी 1986, 'सॅटरडे नाइट लाइव्ह' हा अमेरिकन टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम. दुसऱ्या कलाकारांनी ऐनवेळी नकार दिल्यामुळे मिळालेली जागा, देशभर थेट प्रक्षेपण. ही मंडळी दारू पिऊन उभी राहिली. गाणं चालू असताना गायक पॉल वेस्टरबर्गच्या तोंडून शिवी गेली. दुसऱ्या गाण्याला आले ते एकमेकांचे कपडे घालून! कार्यक्रमाचे दरवाजे कायमचे बंद. त्या काळात एमटीव्हीवर व्हिडिओ असल्याशिवाय पान हलत नसे, तर यांनी व्हिडिओ म्हणून एका स्पीकरचं चित्रण दिलं. जवळजवळ गाणं संपेपर्यंत नुसता स्पीकर. पुढे जुन्या कंपनीच्या ऑफिसातून टेप उचलल्या आणि मिसिसिपी नदीत फेकून दिल्या. हे सांगितलं की हशा हमखास. मलाही बरं वाटायचं.

हल्ली मी गोष्ट दुसऱ्या टोकापासून सांगतो.

ते छप्पर आहे बँडमधल्या स्टिन्सन भावांच्या आईच्या घराचं. थोरला बॉब, धाकटा टॉमी. बॉबचं बालपण फार वाईट गेलं. घरात छळ, मग कोवळ्या वयात सुधारगृहं. बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे गिटार होती आणि डोळ्यांसमोर एक धाकटा भाऊ, जो त्याच वाटेला लागायच्या बेतात होता. बॉबनं त्याच्या हातात बेस गिटार दिली. टॉमी तेव्हा अकरा वर्षांचा. पोरगं उनाडक्या करत फिरू नये, एवढाच हेतू. बँड वगैरे नंतर. ड्रमला ख्रिस मार्स आला आणि तळघरात दणदणाट सुरू झाला.

वेस्टरबर्ग तेव्हा एका सिनेटरच्या कार्यालयात साफसफाईचं काम करायचा. घरी चालत जाताना त्यानं हा गोंगाट ऐकला आणि झुडपात लपून ऐकत राहिला. मग आत शिरला. आधीच्या गायकाला त्यानं कानात सांगितलं म्हणे, की बाकीच्यांना तू नको आहेस. गेला बिचारा. म्हणजे या बँडमधून माणसं घालवण्याची सुरुवात अशी पहिल्या दिवसापासूनची.

नाव आधी 'इम्पेडिमेंट्स' होतं. एका चर्चच्या हॉलमध्ये पिऊन वाजवल्यामुळे बंदी आली, म्हणून नवं घेतलं. रिप्लेसमेंट्स म्हणजे आपल्याकडच्या गिरणीतले बदली कामगार. कायमचा माणूस आला नाही तर यांना हाक मारायची. पीटर जेस्परसन हा तेव्हा रेकॉर्डच्या दुकानाचा मॅनेजर, पुढे बँडचा (तोच तो बीटल्सभक्त). त्याच्याकडे वेस्टरबर्गनं डेमोची कॅसेट दिली ती कुठे तरी वाजवायला मिळावं म्हणून. त्यानं विचारलं, रेकॉर्डच काढायची का? ट्विन/टोन या छोट्या कंपनीतर्फे 1981 मध्ये ती निघालीसुद्धा. गावोगाव फिरायचं म्हणून टॉमीनं शाळा सोडली. भिंतीवरच्या या फोटोत तो जेमतेम सतरा वर्षांचा आहे.

इथपर्यंत सगळं बॉबच्या मनासारखं होतं. पण वेस्टरबर्गची गाणी बदलत गेली. संथ झाली, हळवी झाली, आणि (माझ्या मते) अमेरिकेत त्या दशकात कुणी लिहिली नाहीत इतकी चांगली झाली. बॉबला वाजवायचा होता तो सुसाट दंगा. 1985 मध्ये सायर या मोठ्या कंपनीतर्फे 'टिम' आली, तिच्यात बॉब नावापुरताच वाजवतो. दारू आणि ड्रग्ज वाढतच होती. अर्थात बाकीचेही काही सोवळे नव्हते. 1986 मध्ये बॉबला काढलं. पहिली रेकॉर्ड काढून देणाऱ्या जेस्परसनलाही त्याच वर्षी.

टॉमी मात्र राहिला.

या जागी मी दर वेळी अडखळतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, शाळा अर्धवट, हातात एकच विद्या, आणि ती शिकवणाऱ्यालाच बाहेर काढलंय. ऐकणारे पटकन म्हणतात, सख्ख्या भावाला सोडलं! अहो, पण तो बाहेर पडला असता तर कुठे गेला असता? ज्या रस्त्यावरून बॉबनं त्याला उचललं, तिथेच. बॉबनं आपल्या भावासाठी उभा केलेला बँड बॉबशिवायच चालू राहिला, आणि मला वाटतं भावासाठी तेच बरं झालं. हे बोलायला मला अजूनही जड जातं.

पुढचं थोडक्यात. उरलेल्या तिघांनी मेंफिसला जाऊन 'प्लीज्ड टू मीट मी' ही रेकॉर्ड केली. मग स्लिम डनलप गिटारवर आला. 1989 मध्ये त्यांचं एक गाणं बिलबोर्ड या मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत 51 व्या क्रमांकापर्यंत चढलं, त्यापुढे कधीच नाही. त्यानंतर मार्सही गेला. 4 जुलै 1991 ला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, तो असा, की वाजवता वाजवता एकेकानं आपलं वाद्य सामान उचलणाऱ्या पोरांच्या हाती दिलं आणि निघून गेला. अखेर तिथेही बदली कामगारच.

बॉब 1995 च्या फेब्रुवारीत गेला. पस्तीस वर्षांचा होता. इतक्या वर्षांच्या दारूनं शरीर आतून पोखरलं होतं. टॉमी 1998 मध्ये गन्स अँड रोझेस या गाजलेल्या बँडमध्ये बेस वाजवायला लागला. 2013 मध्ये तो आणि वेस्टरबर्ग रिप्लेसमेंट्सच्या नावानं पुन्हा स्टेजवर आले, त्याआधी दोघांनी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या स्लिमच्या उपचारांसाठी गाणी रेकॉर्ड केली होती.

गॅसवाल्याला मी यातलं निम्मंच सांगितलं, त्याची गाडी खाली उभी होती. जिना उतरता उतरता त्यानं विचारलं, "त्यातला थोरला कोणता म्हणालात?" मी परत आत जाऊन बॉबवर बोट ठेवलं. टीव्हीवरच्या शिवीचा किस्सा त्याला सांगायचा राहूनच गेला.