तुम्ही विचारलंत म्हणून : आधी सिलिंडर शोधा, पार्ट मागून

"भाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली. नवीन प्लग टाकू का?" मी अजून कार्बोरेटरवाली मारुती ८०० चालवतो हे कळलं, की नागपुरात कोणी ना कोणी हे विचारतंच. विचारणाऱ्याकडे कधी जुनी ओम्नी असते, कधी वडिलांच्या हौसेची झेन. प्रत्येकाला माझ्याकडून एका पार्टचं नाव हवं असतं. ते मी देत नाही. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतोय. कोणता सिलिंडर बंद आहे ते आधी काढा, मग पार्टचं बोलू. आज प्लग, उद्या वायर, परवा कार्बोरेटरचं किट असं करत गेलात, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

बोनेट उघडायच्या आधी कान द्या. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आयडलिंगला ते मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ वेळा. तिघांतला एक बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. गिअरचा दांडाही थरथरतो. झटका ठराविक तालात येत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. कधी येतो, कधी नाही, ताल सापडत नाही, असं असेल तर जे सगळ्यांना सामाईक आहे तिकडे बघा: पेट्रोल, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), सीबी पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारी खटकी), नाहीतर कुठून तरी आत ओढली जाणारी हवा.

आता खरी तपासणी. मेकॅनिक चालू इंजिनवर पकडीने एकेक प्लग वायर उपटतो. तुम्ही तसं करू नका. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, आणि मोकळी लटकणारी वायर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल जाळू शकते. इंजिन बंद करून एकच वायर काढा, तिच्या टोपीत एक जादा प्लग बसवा, त्या प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या लोखंडाला पक्कं टेकवून बांधा, पेट्रोलपासून लांब. मग गाडी सुरू करा. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. बांधलेल्या प्लगवर ठिणगी कशी पडते तेही दिसतं: निळी, कडक आवाजाची चांगली, पिवळट, मरगळलेली वाईट. वायर परत लावूनच पुढच्या सिलिंडरला हात घाला, कारण ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे आणि वायरींची अदलाबदल झाली तर नवीनच भानगड. सिलिंडरचे नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजतात. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) असेल तर हे भराभर उरका. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो.

चोर सापडला की अदलाबदल. त्याचा प्लग शेजाऱ्याला, शेजाऱ्याचा त्याला. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग गेला. नाही सरकलं तर वायर बदलून बघा. काढलेला प्लग नीट पाहा: टोक तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पेट्रोलने ओला म्हणजे बहुतेक ठिणगीच पडत नाही.

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त संशय डिस्ट्रिब्युटरच्या कॅपचा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा. कॅप उलटी करून उन्हात धरा. आतल्या दोन टोकांच्या मध्ये शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तो कार्बनचा माग आहे. करंट त्या वाटेने भलत्याच सिलिंडरकडे पळतो. घासून तो काही दिवस गप्प बसतो, पण कॅप बदलावीच लागते. वायरींची गळती पकडायला रात्र बरी. अंगणातला दिवा घालवा, चालू इंजिनला हात न लावता दुरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. गळकी वायर निळ्या ठिणग्या सोडून स्वतःच कबुली देते.

उन्हाळ्याचं गणित निराळं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. बोनेटखाली काय होत असेल विचार करा. रबरी होज तडकतात, तिथून हवा शिरते आणि गाडी आयडलिंगलाच अडखळते. गाडी अर्ध्या तासाने मिसिंग धरून थंड झाल्यावर सुधारत असेल, तर कॉइल किंवा व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. पेट्रोल पंपावर (इंजिनवरच्या, चौकातल्या नव्हे) ओलं फडकं ठेवून फरक पडला तर व्हेपर लॉक.

सपाट रस्त्यावर ठीक आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर धक्के, ही तक्रारही नेहमीची. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल, टोकांमधली फट वाढलेला प्लग किंवा थकलेली वायर तिथे उघडी पडते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रिंग रोडवर नव्हे, त्या चढावर घ्या.

हे सगळं ठीक निघालं आणि तोच सिलिंडर तरीही बंद असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. तिघांत एकाचंच कमी आलं, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे पडलेले असतील तर गॅस्केटच धरा. व्हॉल्व्हचा संशय असला तरी हेड खोलायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) तपासा. फार घट्ट झालेला टॅपेट व्हॉल्व्हला पूर्ण मिटू देत नाही, आणि ते काम फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) घरच्या घरी होतं.