पुराच्या पाण्यातून निघालेली रायफल

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या एका नातेवाइकांच्या तळमजल्यावरील लोखंडी कपाटात त्यांच्या वडिलांनी घेतलेली, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या बंदूक कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, तरी परवान्याचे नूतनीकरण होत राहिले आणि रायफल कपाटातच राहिली. पाणी ओसरल्यावर ती हाती आली ती गाळाने माखलेली.

अशा वेळी घरातले कोणीतरी तेलाची बाटली घेऊन धावतेच, आणि कोकणात ते तेल बहुधा खोबरेल असते. ते आधी थांबवावे लागते. गाळावर तेल ओतले की चिखल आणि ओल आतच कोंडली जाते, शिवाय खोबरेल कालांतराने चिकट होऊन बसते. लोखंड गंजते ते ओल आणि हवा एकत्र आल्यावर. म्हणून रायफल लगेच खोलता येणार नसेल, तर ती अर्धवट ओली ठेवण्यापेक्षा स्वच्छ गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली बरी. जुलैतल्या दमट हवेत ती आपोआप वाळेल, ही आशा व्यर्थ आहे.

परवानाधारकांच्या समोरच, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसे भरून ठेवायचा कप्पा) रिकामे असल्याची खात्री करून, नळी मागून बंद करणारा बोल्ट बाहेर काढला आणि लाकूड धातूपासून वेगळे केले. नळीची वरची बाजू ठीकठाक दिसत होती, पण लाकडाखाली दडलेल्या बाजूवर तांबूस गंजाचा थर बोटाला लागत होता, कारण भिजलेले लाकूड तिथे ओल धरून बसले होते. सगळा गाळ भरपूर पाण्याने धुऊन काढल्यानंतर मागच्या बाजूने, म्हणजे चेंबरकडून, नरसाळ्याने उकळते पाणी नळीत सोडले. नळी हात लावता येणार नाही इतकी तापली की आतले पाणी स्वतःच्या उष्णतेनेच उडून जाते, आणि मग पितळी ब्रश व कोरड्या चिंध्या फिरवून तेलाचा पातळ हात देता येतो. वरवरचा ताजा तांबडा गंज अगदी बारीक स्टील वूलला तेल लावून हलक्या हाताने काढला; सँडपेपर लावला असता तर निळसर काळा मुलामाही निघून गेला असता. ट्रिगरची जुळणी मात्र आम्ही सोडवली नाही, कारण ते काम परवानाधारक कारागिराचे आहे.

लाकडाच्या बाबतीत घाई उपयोगाची नाही. उन्हात ठेवले तर ते तडकते, म्हणून सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे वाळू द्यावे आणि मगच जवसाचे तेल अनेक पातळ हातांनी मुरवावे. त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

भिजलेली काडतुसे वरून कोरडी दिसली तरी वापरू नयेत. दारू दमट झालेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकू शकते आणि त्यामागून झाडलेली दुसरी गोळी नळी फोडू शकते. ती काडतुसे शस्त्रविक्रेत्याकडे दिली. कारागिराने फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीची, स्प्रिंग बदलली आणि नळीच्या तोंडाजवळ गंजाने पडलेले बारीक खड्डे दाखवून, ते आता जाणार नाहीत, असे सांगितले.