तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्याने उभी करता येईल ती

“भाऊ, कोनती गाडी लेऊ?” फोन अहिराणीतच सुरू होतो. विचारणाऱ्याचं शेत नदीकाठी असतं, नाहीतर नोकरी सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे लागलेली असते. मोटरसायकल डांबरावर पळायला हवी आणि वाळूत, दगडगोट्यांत अडायला नको. मी मेकॅनिक नाही. ठिबकच्या सर्व्हिससाठी चाळीसगावपासून अक्कलकुव्यापर्यंत शिवारं तुडवतो, त्यामुळे पडण्याचा अनुभव मात्र दांडगा. म्हणून सीसी, मायलेज सोडून मी उलट विचारतो: आडवी झाली तर एकट्याने उभी करता येईल का?

हे मला गिरणेने शिकवलं. भडगावच्या पुढे, एप्रिलमध्ये, धरणाचं आवर्तन संपून पात्र कोरडं पडलेलं. पलीकडचा मळा समोर दिसत होता, पुलावरून मोठा वळसा. माझ्याकडे तेव्हा दोनशे किलोच्या घरातली गाडी होती, तिच्या रुबाबावर भाळून घेतलेली. मधोमध वाळू भुसभुशीत झाली, पुढचं चाक नांगरासारखं रुतलं आणि मी घाबरून ॲक्सिलेटर सोडला. तिथेच चुकलं. वाळूत वजन मागे टाकून, नजर लांब ठेवून, चाल तुटू द्यायची नसते. गाडी आडवी झाली. दुपारचा एक, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय, हँडल हाताला चटके देतंय. सीटला पाठ लावून पायांनी रेटायची युक्ती मला माहीत होती, पण पायाखालीही वाळूच. तीनदा गुडघाभर उचलली, तीनदा सोडली. शेवटी मेंढरं घेऊन चाललेला एक ठेलारी बाबा आला. त्याने आधी मला पाणी दिलं, मग गाडीकडे पाहून म्हणाला, “एवढी मोठी कशाला घेतली?” उत्तर नव्हतं. दिवाळीआधी विकली.

आता आकडे. आपल्याकडे या कामाला हिरोची एक्सपल्स २०० सगळ्यात जास्त दिसते. २०१९ साली आली तेव्हा १५४ किलो, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. पुढचं चाक मोठं असलं की खड्ड्यात पडण्याऐवजी काठावरून निघून जातं, बैलगाडीच्या चाकोरीतून बाहेर काढतानाही ते कळतं. सीट मात्र ८२३ मिलिमीटर. उंची बेताची असेल तर शोरूमच्या फरशीवर बसून बघू नका, मागे कोणाला तरी बसवून एक पाय उतारावर टेकवून बघा. कावासाकीची केएलएक्स २३० आणखी हलकी, १३९ किलो, पण सीट त्याहून उंच. आणि लेव्हर तुटला तर पार्ट तुमच्या तालुक्याला मिळेल का, हे घेण्याआधीच विचारून ठेवा. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० चांगलीच गाडी आहे, पण १९६ किलो. लेह-लडाखला न्या. चोपड्याच्या पांदण रस्त्याला तिचा राग येतो.

(स्प्लेंडर आहे ना, असं वडील म्हणतील. खोटं नाही. ११२ किलोची ती गाडी चाऱ्याचा भारा बांधूनही पात्र ओलांडते. फक्त तासाभराने तुमची कंबर बोलायला लागते.)

गाडी घेतल्यावर वाळूत उतरण्याआधी हवा कमी करायची. मी वीस पीएसआयच्या आसपास आणतो. फार खाली नेली तर ट्यूब रिममध्ये सरकते आणि व्हॉल्व्हच फाटतो, आणि तारेच्या चाकांना बहुतेक ट्यूबच असते. म्हणून पायपंप आणि जास्तीची ट्यूब सीटमागे बांधलेली. डांबर लागलं की पुन्हा हवा भरायची, कंटाळा करायचा नाही. फुफाट्याच्या दिवसांत एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकावर सोडू नका, मी आठवड्याला उघडतो. चेनला तेल चोपडून वाळूत गेलात तर ते तेल राहत नाही, कानस होते.

आणि पावसाळा? कपाशीच्या काळ्या रानात मडगार्ड उंच असेल तर चाक थोडं उशिरा जाम होतं, एवढाच फायदा. चांगला पाऊस झाला की माझीही गाडी डांबराच्या कडेला उभी असते, आणि मी ठिबकचा फिल्टर खांद्यावर घेऊन, एकेका पायाला दोन-दोन किलो माती चिकटवत चालत जातो.