टायपिंगचा वर्ग आणि लोकशाहीचे प्रश्न

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला जुन्या वस्तूंचा नाद. तिकडे लोक घरातलं जुनंपानं दारासमोर मांडून विकतात, त्यातून हा काहीतरी उचलतो आणि मला फोटो पाठवतो. दिवाळीच्या आधी त्याला कुठल्याशा हायस्कूलचं १९५० च्या दशकातलं इयरबुक, म्हणजे शाळेचं वर्षाचं फोटोंचं पुस्तक, मिळालं, त्यातली दोन पानं त्याने व्हॉट्सॲप केली आणि खाली लिहिलं, "हे बघ, आबांचा क्लास."

खरंच आबांचाच क्लास वाटत होता हो! आबांचा अमळनेरला टायपिंगचा क्लास होता. फोटोत मुलींच्या तीन-चार रांगा, पाठ ताठ, मनगटं जरा उचललेली, नजर कीबोर्डवर नाही तर समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर. आबा तेच करायचे. नवीन पोरगं खाली बघायला लागलं की पुठ्ठ्याचा तुकडा हातांवर आडवा धरायचे, म्हणायचे बोटांना दिसू दे, डोळ्यांना नको. सकाळी सहाच्या बॅचला ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे, ओळ संपत आली की टिंग, मग डाव्या हाताने लिव्हर मारून कॅरेज परत, आणि शाई-तेलाचा तो वास आमच्या गादीला सुद्धा यायचा कारण घर मागच्या बाजूलाच होतं. शासनाच्या परीक्षेला तीसचा स्पीड, मग चाळीसचा. तीस-चाळीसवर किती घरं उभी राहिली गावात, कोर्टात, झेडपीत, तहसीलला कारकून लागलेले लोक अजून भेटतात आणि आबांचं नाव काढतात.

दुसऱ्या पानावर सोशल स्टडीजचे, म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे, मास्तर नकाशापुढे उभे. कमर्शियल डिपार्टमेंट आणि सोशल स्टडीज, समोरासमोरची पानं. मी स्वतः ज्युनियर कॉलेजला बुक-कीपिंग शिकवतो, त्यामुळे ते डोक्यातून जाईना, पंधरा दिवस मिळेल ते वाचत बसलो.

तर तिकडे त्या काळात कमर्शियल बाजूला टायपिंग, शॉर्टहँड, बुक-कीपिंग, व्यापारी गणित, पत्रव्यवहार, थोडा व्यापारी कायदा आणि ऑफिस प्रॅक्टिस, म्हणजे फायलिंग, बेरजेचं मशीन, प्रती काढायचं मशीन वगैरे. शॉर्टहँड ग्रेगची. आपल्याकडे पिटमन चालली, तिच्यात तीच रेघ बारीक काढली तर एक अक्षर, दाबून जाड काढली तर दुसरं (आबांकडे शॉर्टहँडवाल्यांची पेन्सिल टोकायची वेगळी शिस्तच होती). ग्रेगमध्ये जाड-बारीक भानगड नाही, रेघ लहान की मोठी, वळण कसं, एवढंच. १८८८ मध्ये जॉन रॉबर्ट ग्रेगने इंग्लंडात काढली आणि अमेरिकेच्या शाळांत तीच रुजली.

पण मला सगळ्यात आवडलं ते नववीच्या सुमाराला असणारं जनरल बिझनेस. हे कारकून व्हायला नाही, घर चालवायला. चेक कसा लिहायचा, बँकेचं स्टेटमेंट आपल्या वहीशी कसं जुळवायचं, विम्याचा कागद कसा वाचायचा, हप्त्यावर फ्रीज घेतला तर शेवटी एकूण किती पैसे जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना हे! शिवाय १९३६ च्या जॉर्ज-डीन कायद्याने दुकानदारीच्या शिक्षणालाही केंद्र सरकारचे पैसे मिळायला लागले, मग पोरं दिवसाचा काही वेळ शाळेत, काही वेळ खऱ्या दुकानात पगारावर. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, म्हणून ते साल माझ्या चटकन लक्षात राहिलं.

सोशल स्टडीजचा साचा १९१६ च्या एका समितीने घालून दिलेला, त्यात शेवटच्या वर्षाला एक विषय होता, प्रॉब्लेम्स ऑफ डेमोक्रसी. लोकशाहीचे प्रश्न! बेकारी, स्थलांतर, कामगार-मालक भांडण, गुन्हेगारी, असे जिवंत प्रश्न घ्यायचे आणि त्यात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र जे लागेल ते वापरायचं. मतदानाचं वय तेव्हा बहुतेक ठिकाणी २१ होतं, देशभर १८ झालं ते १९७१ मध्ये, म्हणजे मत देण्याआधी तीन वर्षं ही तयारी. आणि १९५९ ला हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी हायस्कूलांवर जो अहवाल लिहिला त्यात बाकीच्या विषयांना मुलं कुवतीप्रमाणे वेगळी बसवा म्हटलंय, पण बारावीच्या ह्या तासाला मात्र नाही, तिथे सगळी मिसळूनच बसली पाहिजेत. म्हणजे टायपिंगवाली मुलगी आणि डॉक्टर होणारा मुलगा एका बाकावर, एकाच प्रश्नावर बोलणार. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

तिकडे सगळं गोड होतं असं अजिबात नाही. टायपिंगला मुली ढकलायच्या, कॉलेजला मुलगे. काळ्या मुलांच्या शाळा कितीतरी राज्यांत कायद्यानेच वेगळ्या, अशा शाळा चालणार नाहीत असा १९५४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तरी पुढे वर्षानुवर्षं तेच चालू. बऱ्याच राज्यांत मास्तरांकडून सरकारशी निष्ठेच्या शपथा लिहून घ्यायचे, असा मास्तर वर्गात किती मोकळं बोलणार. मग १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि १९५८ च्या कायद्याने पैशाचा ओघ सायन्स, गणित आणि परकीय भाषांकडे वळला.

तरी ती समोरासमोरची पानं मला सोडत नाहीत, कारण आपल्याकडे दहावीनंतर कॉमर्सच्या पोराचा नागरिकशास्त्राशी संबंधच संपतो, आणि आर्ट्सच्या पोराला ताळेबंद म्हणजे काय ते आयुष्यभर कळत नाही. दहावीपर्यंत सुद्धा नागरिकशास्त्र इतिहासाच्या पेपरला शेपटासारखं लावलेलं असतं.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या एक बाई आहेत, मी त्यांना मावशी म्हणतो, शिवणकाम करून साठवलेले पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते आणि ती बुडाली. नाव घेत नाही. मावशी पासबुक आणि जुने छापील अहवाल पिशवीत घालून माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "मना पैसा कव्हय भेटतीन भाऊ?" मी अहवाल उघडला. ताळेबंदात सगळं होतं. थकबाकी तीन वर्षं सरळ चढत गेलेली, ऑडिट वर्ग, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याने दिलेली श्रेणी, एका वर्षी 'अ' आणि पुढच्या वर्षी एकदम 'क', आणि दर वर्षी त्या वार्षिक सभेला गेलेल्या, चहा-चिवडा घेऊन हात वर करून आलेल्या. त्यांचा मुलगा माझाच विद्यार्थी, बारावीला बुक-कीपिंगला ८८ मार्क. भागीदाराची निवृत्ती, विपत्रं, शेअर जप्तीच्या नोंदी, सगळं बिनचूक करायचा. तो अहवाल घरात टीव्हीखाली पडलेला असायचा आणि त्याने तो कधी उघडला नाही, कारण तो अभ्यासाचा आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं. हे मला फार लागलं, अजून लागतं.

ज्या अमळनेरला १९४५ ला वनस्पती तुपाची कंपनी आली, तीच पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर लोकांनी ट्रंकेत जपले, ज्या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कूलला शिकवत होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, त्या गावात तरी हे दोन विषय एकमेकांना ओळखत नाहीत असं व्हायला नको होतं.

तर यंदा अकरावीला शनिवारचा शेवटचा तास मी ह्याला दिलाय, आर्ट्सची पोरं पण बोलावली, प्राचार्य हो म्हणाले. घरी ज्या पतसंस्थेत किंवा सोसायटीत पैसे आहेत तिचा अहवाल आणायचा. पहिल्या शनिवारी तीनच अहवाल आले. एक मुलगी उभी राहिली, वडील शेतकरी, विकास सोसायटीचे सभासद, तिने विचारलं, "सर, सभेत बाईने प्रश्न विचारला तर चालतो का?" मी म्हटलं सभासद असेल तर चालतो, आणि उत्तर द्यावं लागतं. तिने ते वहीत लिहून घेतलं, मग म्हणाली आईच्या नावावर शेअर आहे का ते बघून येते.